कुऱ्हाडीचं पातं की तुंबा? हत्यार आणि कलमांबद्दल वाचकांचे प्रश्न

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. काही गुन्ह्यांत शिक्षा आणि जामिनाचे नियमही बदलले, हे मात्र बऱ्याच जणांना पोलीस ठाण्यात गेल्यावरच कळते. हत्याराच्या बाबतीत हा बदल जास्त जाणवतो. एक खूणगाठ आधी बांधून ठेवा: गुन्हा ज्या तारखेला घडला त्या तारखेचा कायदा लागू होतो. ३० जून २०२४ पर्यंतच्या घटनेला जुनी कलमे लागतात, तक्रार नंतर दिली असली तरी.

बांधाच्या वादातून शेजाऱ्याने वडिलांच्या हातावर कुऱ्हाडीचा तुंबा (पात्यामागची बोथट बाजू) मारला. हात सुजला. पोलिसांनी एन.सी. घेऊन आम्हाला परत पाठवले. तिसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचे निघाले. आता काय करावे? कुऱ्हाड होती तर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचे कलम का नाही? — एक वाचक, जि. सातारा

पोलीस आणि न्यायालय इथे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. जखम कोणत्या दर्जाची, आणि ती कशाने झाली? या दोन उत्तरांवरून चार कलमे निघतात. हत्यार नाही आणि जखम साधी, तर कलम ११५(२): एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून एन.सी. (अदखलपात्र नोंद). जखम गंभीर पण घातक हत्यार नाही, तर ११७(२): सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र पण जामीनपात्र. जखम साधी पण घातक हत्याराने झालेली, तर ११८(१): तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जखम गंभीर आणि हत्यारही घातक, तर ११८(२): किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षे किंवा थेट जन्मठेप, शिवाय दंड. ११८ ची दोन्ही पोटकलमे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

हाड मोडणे किंवा निखळणे, दात पडणे, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचे ऐकू येणे कायमचे जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, जिवाला धोका होणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना असणे वा रोजची कामे न करता येणे, हे सगळे कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापतीत मोडते. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. टाके किती पडले याला स्वतंत्र महत्त्व नाही. बारा टाके पडूनही जखम कायद्याने साधी राहू शकते आणि एकही टाका न पडता गंभीर ठरू शकते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हाड मोडले आहे, म्हणजे दर्जाचा प्रश्न मिटला.

आता करायचे काय? एक्स-रेची फिल्म, रेडिओलॉजिस्टचा अहवाल आणि पहिल्या दिवशीचा केसपेपर यांच्या प्रती जोडून तपासी अंमलदाराच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. वडिलांचा पुरवणी जबाब नोंदवावा, अशी मागणी त्याच अर्जात करा. फ्रॅक्चरची माहिती समोर आली की गुन्हा दखलपात्र होतो आणि पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या परवानगीची गरज उरत नाही. तरीही नोंद होत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदल्यावर त्याची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते.

पुरवणी जबाब देताना एका गोष्टीकडे जातीने लक्ष द्या. “लोखंडी हत्याराने मारहाण केली” एवढ्यावर जबाब थांबू देऊ नका. कोणत्या हाताने, कुऱ्हाडीच्या पात्याने की तुंब्याने की दांड्याने, शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर, किती वेळा, हे सगळे आले पाहिजे. तुंब्याचा मार असताना कोणी उत्साहाने “कुऱ्हाडीने वार केला” असे लिहिले, तर डॉक्टरांच्या कागदावर मुका मार आणि फ्रॅक्चर, फिर्यादीत मात्र वार, अशी विसंगती तयार होते. उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो. खरे तेवढेच सांगा, पण बारकाव्यासह सांगा.

तुंबा घातक हत्यार आहे का? ११८ मध्ये भोसकण्याची, कापण्याची, गोळी झाडण्याची साधने तर आहेतच, शिवाय “हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू येण्याची शक्यता असलेली कोणतीही वस्तू” आहे. विस्तव, गरम पदार्थ, विष, दाहक द्रव्य, स्फोटक, इतकेच काय, अंगावर सोडलेला प्राणीही या कलमात येतो. दगड, काठी, लोखंडी नळी अशा वस्तूंची यादी कायद्यात नाही. आकार, वजन, धार पाहून प्रत्येक प्रकरणात ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. माणसाचे दात मात्र घातक हत्यारात बसत नाहीत, हे त्याच न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे चावा घेतल्याच्या प्रकरणात ११८ टिकत नाही. भरीव लोखंडी तुंबा या कसोटीवर उतरायला अडचण नसावी. मात्र कुऱ्हाड जप्त होऊन डॉक्टरांपुढे गेली पाहिजे. “ही जखम या हत्याराने होणे शक्य आहे का” असे प्रश्नपत्र पोलीस डॉक्टरांना पाठवतात आणि त्याचे उत्तर घेतात. पुष्कळ प्रकरणांत हीच पायरी राहून जाते. तुमच्या अर्जात ती मागा.

जिवे मारण्याच्या प्रयत्नाचे कलम, पूर्वीचे ३०७ आणि आताचे १०९, हत्यारावरून आपोआप लागत नाही. त्याचा पाया हेतू किंवा जाणीव हा आहे. जखम प्राणघातक असलीच पाहिजे असेही नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले. उलट बाजूने, हातात कुऱ्हाड असूनही पाते न वापरता तुंबा वापरला, डोके सोडून हातावर मारले आणि एकदाच मारले, यावरून ठार करायचा हेतू दिसत नाही, असा युक्तिवाद होणारच. आमच्या मते तुमच्या प्रकरणात ११८(२) हे नेमके कलम आहे. १०९ साठी हट्ट धरून बळकट कलम कमजोर करून घेऊ नका.

ऊसतोडीचा कोयता दुचाकीच्या डिकीत होता. नाकाबंदीत पोलिसांनी “आर्म ॲक्ट” लावला. शेतीचे अवजार शस्त्र कसे? — एक वाचक, बारामती

शस्त्र अधिनियम १९५९ मधील व्याख्या तुमच्या बाजूने बोलते. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, जसे लाठी किंवा साधी चालायची काठी, त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. शस्त्र नियम २०१६ मध्ये तलवारी, खंजीर, भाले, सुरे अशा धारदार शस्त्रांचा वर्ग सांगितला आहे, आणि सुऱ्यासारख्या वस्तूंसाठी पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद हे माप दिले आहे. मात्र तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तूंना सूट आहे. कलम ४ सह २५ खाली दोष सिद्ध झाला तर किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद आहे, म्हणून हा मुद्दा किरकोळ समजू नका.

पंचनामा नीट वाचा. “मुठीसह एकूण लांबी ५२ सेंमी” असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. कायदा मोजतो ते पाते, मूठ नाही. पात्याची लांबी आणि रुंदी स्वतंत्र लिहिलेली नसेल तर तो बचावाचा मुद्दा आहे. कलम ४ विशिष्ट अधिसूचना असलेल्या भागातच लागू होते, म्हणून दोषारोपपत्रासोबत ती अधिसूचना जोडली आहे का, तेही पाहा. कोयत्याचा आकारही बोलतो. ऊसतोडीचा आखूड, वाकडा कोयता वेगळा दिसतो आणि फक्त दहशतीसाठी बनवून घेतलेला लांब, सरळ पात्याचा कोयता वेगळा. फोटो नोंदीवर येऊ द्या.

तरीही शस्त्र अधिनियमातून सुटलात म्हणजे सगळ्यातून सुटलात असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रे, सोटे, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास मनाई करू शकतात. इथे शेतीच्या अवजाराला आपोआप सूट नाही. मोडल्यास कलम १३५: एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने लेखी कारणे दिल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून त्या तारखेचा आदेश अमलात होता का आणि तो जाहीर झाला होता का, हे कागदावर तपासा. हंगामात कोयता नेताना तो पोत्यात गुंडाळून, इतर सामानासोबत, कामाच्या वाटेवर न्यावा आणि मुकादमाचा किंवा शेतमालकाचा नंबर हाताशी ठेवावा. रात्री अकराला बाजारपेठेत उघडा कोयता सापडला तर शेतीचे कारण कोणाला पटणार नाही.

वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ मित्राने टाकला. कोणालाही इजा नाही. तरी गुन्हा? — एक वाचक, नाशिक

हो. अधिसूचना असलेल्या भागात परवान्याशिवाय तलवार बाळगणे हाच गुन्हा आहे, तिच्याने काय कापले याला महत्त्व नाही. शस्त्र अधिनियम ४/२५ आणि मनाई आदेश असेल तर ३७(१)/१३५ अशी दोन्ही कलमे लागतात. तलवार ज्याच्या हातात आहे तो आणि ज्याच्या घरातून जप्त झाली तो, दोघेही अडकू शकतात. व्हिडिओ पुसून उपयोग होत नाही, कारण तोपर्यंत तो इतरांच्या फोनमध्ये गेलेला असतो, आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा होतो. घरी पूजेसाठी किंवा वारशाने आलेली तलवार असेल तर आजच वकिलाला विचारून परवान्याची स्थिती पाहून घ्या. दसऱ्याची वाट पाहू नका.

तिघांनी दुकानात शिरून गल्ला लुटला. एकाने फक्त चाकू दाखवला, कोणाला लावला नाही. दुसऱ्याकडचे पिस्तूल नंतर खेळण्यातले निघाले. शिक्षा तिघांना सारखीच का? — एक वाचक, सोलापूर

तत्काळ इजेची भीती घालून चोरी केली की ती जबरी चोरी होते, कलम ३०९. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. इथपर्यंत तिघेही कलम ३(५) च्या समान इराद्यामुळे एकाच बोटीत आहेत. खेळण्यातल्या पिस्तुलानेही भीती बसतेच, म्हणून ते खोटे निघाल्याने जबरी चोरी पुसली जात नाही.

पुढची पायरी कलम ३११: जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरले तर किमान सात वर्षे. ही किमान शिक्षा न्यायालयालाही खाली आणता येत नाही. ‘वापरणे’ म्हणजे भोसकणेच नाही. समोरच्याला दिसेल असा चाकू हातात धरून धाक घालणे हाही वापर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ पासून धरले आहे. मात्र हे कलम ज्याने हत्यार वापरले त्याच्यापुरतेच आहे. इतर साथीदारांना ते समान इराद्याच्या मार्गाने चिकटवता येत नाही, याला २०२१ च्या निकालात पुन्हा दुजोरा मिळाला. म्हणजे चाकूवाल्याला ३११, आणि रिकाम्या हाताने असलेल्याला ३०९. खेळण्यातले पिस्तूल प्राणघातक हत्यार म्हणून सिद्ध करणे सरकार पक्षाला जड जाईल. पण अटक टाळण्यासाठी तेच पिस्तूल कोणी पोलिसांवर रोखले, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २८ मध्ये नकली अग्निशस्त्रही धरले आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे.

फिर्यादीत “आरोपींनी चाकूचा धाक दाखवला” असे घाऊक वाक्य असते. कोणी दाखवला? उंच, काळ्या टी-शर्टातल्या मुलाने, उजव्या हाताने, काउंटरच्या आतून? सीसीटीव्ही असेल तर त्याच्याशी हे ताडून पाहिले जाते. ‘आरोपींनी’ या एका अनेकवचनामुळे ३११ निसटल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मंडळाच्या भांडणात माझा मुलगा आठ-दहा जणांत होता. त्याच्याकडे काही नव्हते, एकाकडे लोखंडी रॉड होता. त्याला काय लागेल? — एक पालक, पिंपरी

पाच किंवा अधिक माणसे बेकायदा उद्देशाने जमली की तो बेकायदा जमाव, कलम १८९. हिंसा झाली की दंगल: साधी दंगल १९१(२), दोन वर्षांपर्यंत. प्राणघातक हत्यार घेऊन दंगल केली तर १९१(३), पाच वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात हीच शिक्षा तीन वर्षांची होती. हत्यारबंद असण्याचा आरोप रॉडवाल्यावर जातो. पण कलम १९० प्रमाणे जमावाच्या समान उद्देशासाठी झालेल्या गुन्ह्याला, आणि जो गुन्हा घडणार हे सदस्यांना ठाऊक होते त्यालाही, प्रत्येक सदस्य जबाबदार ठरतो. रॉडने कोणाचे डोके फुटले तर तुमच्या मुलावर ११८(२) येऊ शकते, त्याने हात लावला नसला तरी. बचाव दोन ठिकाणी आहे: तो जमावाचा सदस्य नव्हता, फक्त बघ्या होता, किंवा रॉड आणल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. मोबाईलचे लोकेशन, आदल्या रात्रीचे ग्रुपवरचे मेसेज आणि व्हिडिओत तो नेमका कुठे उभा आहे, यावर हे ठरते. मेसेज पुसायला सांगू नका.

परवान्याची बंदूक हळदीच्या कार्यक्रमात हवेत झाडली. परवाना आहे, मग अडचण काय? — एक वाचक, जळगाव

परवाना बाळगण्याचा आहे, आनंद साजरा करण्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ मध्ये नवे पोटकलम (९) आले: निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांच्या जिवाला धोका केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गोळी लागून कोणी जखमी झाले तर त्याची कलमे वेगळी, आणि परवाना जाण्याची शक्यता मोठी. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. विनापरवाना अग्निशस्त्राची शिक्षा आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षे आहे, पण त्या खटल्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती दोषारोपपत्रात नसेल तर वकिलाच्या नजरेला आणा.

हत्यार सापडलेच नाही. आरोपी सुटणार का? — एक वाचक, लातूर

नाही, एवढ्यावरून नाही. प्रत्यक्षदर्शी साक्ष विश्वासार्ह असेल तर हत्यार जप्त होणे अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. हत्यार सापडूनही खटला ढासळतो तो मात्र बहुधा जप्तीच्या कागदांवर. आरोपीने “लपवलेली जागा दाखवतो” म्हटल्यावर आधी पंचांसमोर त्याचे निवेदन, मग तिथे जाऊन जप्ती, मग जागेवरच लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांचे लेबल, हा क्रम हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. रक्ताळलेले हत्यार ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर रक्त कुजते आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात “गट ठरवता आला नाही” असे येते. ते वाळवून कागदात गुंडाळायचे असते.

याच संदर्भात डॉक्टरांसाठी आणि वकिलांसाठी एक. डोक्याची, कपाळाची आणि नडगीची कातडी हाडाला लागून असते, म्हणून काठीच्या माराने तिथे पडलेली जखम सरळ कडांची, कापल्यासारखी दिसते. भिंग लावून पाहिले तर कडा किंचित ठेचलेल्या दिसतात, केसांची मुळे चिरडलेली असतात आणि जखमेच्या आत पेशींचे बारीक धागे आडवे शाबूत असतात. खऱ्या कापलेल्या जखमेत हे धागेही कापले जातात. घाईत ‘धारदार हत्यार’ असे प्रमाणपत्र लिहिले गेले की काठीवाल्या आरोपीच्या डोक्यावर कोयता बसतो, किंवा खरी फिर्याद खोटी दिसू लागते.

रात्री घरात शिरलेल्या माणसाला काठी मारली आणि तो दगावला तर? — एक वाचिका, रत्नागिरी

कलम ४१ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल तर मालमत्तेच्या बचावाचा हक्क प्राणघातक प्रतिकारापर्यंत जातो. मात्र कलम ३७ ची मर्यादा सुटत नाही: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. तो पळत सुटला, अंगणाबाहेर गेला आणि मग पाठीत घाव घातला, तर हक्क संपलेला असतो. हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण शक्यतांच्या तराजूवर पारडे झुकले तरी पुरते. म्हणून पोलिसांना लगेच फोन करा, तोडलेली कडी किंवा कौले जशीच्या तशी राहू द्या, आणि स्वतःला खरचटले असले तरी त्याच रात्री सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. स्वतःच्या जखमांची नोंद नसणे, हा या प्रकरणांतला सर्वांत महाग पडणारा विसर आहे.

११८(१) चा गुन्हा दाखल आहे. आता दोन्ही घरांत समेट झाला. केस मागे घेता येईल का? — एक वाचक, अहिल्यानगर

११५(२) मध्ये जखमी व्यक्ती स्वतः तडजोड करू शकते, ११७(२) मध्ये न्यायालयाच्या परवानगीने. ११८ मात्र तडजोडीच्या तक्त्यात नाही. खालच्या न्यायालयात दोघांनी सही केली तरी प्रकरण मिटत नाही. मार्ग उच्च न्यायालयाचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, सोबत फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र. १०९ किंवा शस्त्र अधिनियम लागला असेल तर समेट एवढेच कारण पुरत नाही. २०१९ च्या निकालानुसार न्यायालय जखमेचे स्वरूप, मार नाजूक भागावर होता का आणि हत्यार कोणते होते, हे स्वतः पाहते. तेही तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र आल्यानंतर, म्हणून १०९ असलेल्या प्रकरणात त्याआधी अर्ज करण्याची घाई करू नका. तुमच्याकडे फक्त ११८(१) आहे, जखम साधी आहे आणि दोघे नात्यातले किंवा शेजारी आहेत, तर अर्ज टिकण्याजोगा आहे. घटना ३० जून २०२४ किंवा त्याआधीची असेल तर जुन्या दंड संहितेचे कलम ३२४ लागेल. ते बदलून घ्या, कारण त्यात कैद तीन वर्षांपर्यंतचीच असली तरी व्यवहारात तो गुन्हा जामीनपात्र धरला जात असे.